टपालातून चालणारी चिकित्सा

१/ रुग्ण एका गावी, वैद्य शेकडो मैल दूर. कित्येकदा दोघांची भेट आयुष्यात एकदाही झालेली नाही, तरीही उपचार वर्षानुवर्षे चालू आहेत. हे चित्र मोबाइलच्या युगातले वाटेल. प्रत्यक्षात ते अठराव्या शतकातील स्कॉटलंडचे आहे.

२/ विल्यम कलेन (१७१०–१७९०) हे एडिंबरा विद्यापीठातील वैद्यकशास्त्राचे ख्यातनाम प्राध्यापक. ब्रिटनभरातून, इतकेच नव्हे तर समुद्रापलीकडूनही, लोक त्यांना पत्राने सल्ला विचारत. कधी रुग्ण स्वतः लिही, कधी त्याचे आप्त, तर कधी गावातला डॉक्टर.

३/ तीव्र तापाच्या रुग्णाला या मार्गाचा उपयोग नव्हता. उत्तर पोहोचेपर्यंत तो बरा तरी होई, नाहीतर दगावे. टपालाच्या संथ गतीशी जुळणारे दुखणे एकच : दीर्घकाळ रेंगाळणारे. म्हणूनच या पत्रव्यवहारात गाउट, दमा, जुनाट अपचन, मनाची खिन्नता यांचीच गर्दी दिसते. पुष्कळदा एकाच देहात दोन-तीन व्याधी एकत्र.

४/ रुग्णाला न पाहता निदान कसे होई? स्टेथोस्कोपचा शोध लागला १८१६ मध्ये. त्यापूर्वी समोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीतही वैद्याचा मुख्य आधार त्याची हकिगत हाच असे. ती हकिगत कागदावरून येऊ शकत होती.

५/ मात्र ती नीट सांगता यायला हवी. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉक्टर तिसो यांनी १७६१ मध्ये सामान्य जनांसाठी आरोग्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याचा सल्ला घेण्यापूर्वी कोणत्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत, याची यादीच त्यात दिली होती.

६/ कलेन औषधे सुचवीत, पण तेवढ्यावर थांबत नसत. काय खावे, मद्य किती घ्यावे, घोड्यावरून किती रपेट करावी, कपडे कोणते घालावेत : सारी दिनचर्याच ते आखून देत. गाउटवर तर औषधांपेक्षा मिताहार आणि व्यायाम यांवरच त्यांची भिस्त होती. पथ्य पाळले जाते की नाही, हे पाहण्याचे साधन मात्र एकच : रुग्णाचे पुढचे पत्र.

७/ महिन्यांनी आलेल्या पत्राला उत्तर देताना आपण पूर्वी काय सांगितले होते, हे ठाऊक असणे आवश्यक. म्हणून कलेन आपल्या उत्तरांच्या नकला ठेवीत. आरंभी लेखनिक त्या हाताने उतरवी; १७८१ पासून जेम्स वॉटचे नक्कल-यंत्र आले. ओलसर पातळ कागद पत्रावर दाबला की शाईचा ठसा उमटे.

८/ १७८४ मध्ये कोशकार सॅम्युएल जॉन्सन दमा व जलोदराने जर्जर झाले होते. बॉस्वेल यांनी त्यांच्यासाठी कलेन यांच्यासह एडिंबरातील डॉक्टरांकडे पत्राने सल्ला मागितला. सल्ला आला, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन्सन निवर्तले. पत्राची धाव त्या काळच्या वैद्यकाच्या पुढे जाऊ शकत नव्हती.

९/ दुसरी मर्यादा सामाजिक होती. ज्याच्यापाशी अक्षरे आणि शुल्क, त्यालाच हा सल्ला सुलभ. निरक्षर मजुराचा जुनाट दमा या दप्तरात सहसा उमटत नाही.

१०/ मार्च २०२० मध्ये भारताने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. व्हिडिओ व दूरध्वनीबरोबर लिखित संदेशालाही त्यांत स्थान आहे. साधने पालटली, परंतु रुग्णाने नेमके सांगणे, वैद्याने नोंद जपणे आणि दोघांनी चिकाटी धरणे, या तीन गोष्टींना कलेन यांच्या काळीही पर्याय नव्हता आणि आजही नाही.