नगरातील वृक्षांचा वाली

रानातील वृक्षास राखणदार असतो. नगरातील वृक्षाचा वाली कोण? बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास चाळताना हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

या जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. त्यांच्या पुत्राने स्थापिलेल्या स्वराज्याची राजनीती रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात ग्रथित केली. तीत आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसांस हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात, असे बजाविले आहे. जीर्ण झाड घ्यावयाचे तरी धन्यास राजी करून व मोल देऊन. झाडामागे माणूस उभा आहे, हे त्या राजनीतीने ओळखले होते.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६४ साली हिंदुस्थान सरकारचे जंगलखाते निघाले व डीट्रिक ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. राखीव रानांस हद्दी व पहारेकरी मिळाले. इकडे १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे त्या वाटेवर आली, खामगावची कापूसपेठ भरभराटली. गावे वाढली, परंतु नव्या खात्याची दृष्टी रानावर व इमारती लाकडावर होती. पेठेतील वड-कडुनिंब लोकांच्या श्रद्धेवर व सावलीच्या गरजेवरच तगले.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, तोडीस पूर्वपरवानगी व झाडांची गणना ही त्याची अंगे होत. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून मान दिला.

लोणारास या दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी दिसतात. विवरातील वनराजी २००० सालापासून अभयारण्य आहे; तेथे वनरक्षक आहे. काठावर चढून आले की नगर लागते, आणि तेथील झाडांचा भार नगरपरिषदेवर पडतो. वनरक्षकाचा सारा दिवस झाडांसाठीच असतो. नगरपरिषदेस मात्र गटारे, दिवे व पाणीपट्टी यांतून सवड काढून झाडांकडे पाहावे लागते.

म्हणून केवळ कायद्यावर विसंबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. परवानगीचा कागद उभे झाड वाचवील. नवे रोप वाचवितो तो वैशाखात बुंध्याशी आळे करून पाणी घालणारा माळी. वऱ्हाडचा उन्हाळा रोपांची खरी परीक्षा घेतो, परंतु समारंभात मोजली जातात ती लावलेली रोपे. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली रोपे मोजावीत, आणि प्रत्येक आळीतील झाडांसाठी एक जबाबदार माणूस नेमून त्यास नियमित वेतन द्यावे. अमात्यांच्या काळी झाडाचा धनी ठाऊक होता. आमच्या नगरांनी तो पुन्हा नेमावयाचा आहे.