पत आणि तिची वही : म्हसवडच्या निमित्ताने

'पत' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. एखाद्याविषयी चारचौघांत असलेला भरवसा हा पहिला अर्थ. त्या भरवशावर त्याला मिळू शकणारी उधारी हा दुसरा. पहिल्या अर्थाची पत लोकांच्या तोंडी असते, दुसऱ्या अर्थाची कोणाच्या तरी वहीत. ती वही कोणी ठेवावी आणि ज्याच्या नावाचे खाते तीत आहे त्याला ती वाचता यावी की नाही, हा प्रश्न दख्खनच्या आर्थिक इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. आज ज्याला पतगुणांक किंवा व्यवहारात नुसते 'सिबिल' म्हणतात, त्याचा विचार या इतिहासापासून तोडून केल्यास तो अपुरा राहतो. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, माण तालुक्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले म्हसवड या विचारास विशेष उपयोगी आहे. कारण वहीचे निरनिराळे प्रकार या एकाच मुलखात लागू झालेले दिसतात.

आरंभ १८७५ पासून करणे सयुक्तिक ठरेल. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जांची वसुली दिवाणी न्यायालयांच्या मार्फत सुरू झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला व त्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे व खतपत्रे हिसकावून जाळण्यात आली. ज्या वहीतील अक्षर ऋणकोला लागत नव्हते, पण जिच्या आधारे त्याची जमीन जात होती, ती वही नष्ट करणे एवढाच उपाय त्याच्या हाती उरला होता.

चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्यक कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास देणारी त्यातील कलमे सर्वपरिचित आहेत. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला भाग निराळाच आहे. दिलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि आपला हिशेब पासबुकात लिहून घेण्याचा हक्क या कायद्याने शेतकऱ्यास दिला होता. ऋणकोला स्वतःची वही पाहण्याचा कायदेशीर हक्क येथे इतक्या स्पष्ट शब्दांत मांडलेला आढळतो. हक्क मिळाला, पण तो बजावणार कोण? मोडी न वाचता येणाऱ्या कुणब्याने हिशेब मागायचा तो त्याच सावकाराकडे, ज्याच्या दारी पुढच्या मृगाला बियाण्यासाठी उभे राहायचे होते.

१९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने वही सावकाराच्या घरातून गावाच्या पेढीत आणण्याचा प्रयत्न केला. त्याची गती मंद होती. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे एक सदस्य होते, तिच्या १९५४ च्या अहवालानुसार १९५१-५२ साली देशातील शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ होता, धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून शेकडा ६९.७. शिवाय पेढीचे सभासदत्व बहुधा जमिनीच्या उताऱ्यावर मिळत असे, आणि उताऱ्यावर बाईचे नाव क्वचितच असे.

या पार्श्वभूमीवर १९९७ साली म्हसवड येथे निघालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचे महत्त्व ध्यानात येते. संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांनी अनेक व्याख्यानांतून सांगितलेली हकीकत अशी : रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यासाठी ताडपत्री घेण्यापुरती बचत करावयाची होती, परंतु रक्कम फार लहान म्हणून तिचे खाते उघडण्यास बँका तयार होईनात. स्त्रियांनी स्वतःचीच बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. स्त्रिया अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावर काढावे, असे त्यांनी सुचविले. ही हकीकत संस्थेच्याच तोंडची आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. तथापि तिच्यातील मुद्दा खरा आहे. आठवडे बाजारात बसणाऱ्या स्त्रीला व्याजाचा हिशेब पाठ असतो; सकाळी उचललेले भांडवल ती सायंकाळी व्याजासह परत करते. तिचे हे वर्षानुवर्षांचे चोख वर्तन कोणत्याही वहीत उतरत नव्हते. दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणाऱ्या बँकेने प्रथम जे निर्माण केले, ते कर्ज नव्हे. ती नोंद होय.

पतगुणांकाची रचना हीच गोष्ट उलट बाजूने दाखविते. देशातील पहिली पतमाहिती संस्था, सिबिल, २००० साली स्थापन झाली. तिचा कायदा २००५ चा. ३०० ते ९०० यांमधील हा अंक मुख्यतः हप्ते वेळेवर भरले की नाहीत, मंजूर मर्यादेपैकी किती भाग वापरला, खाती किती जुनी आहेत आणि नव्या कर्जासाठी किती ठिकाणी विचारणा झाली, यांवरून काढला जातो. मिळकत किंवा शिल्लक त्यात धरली जात नाही. ज्याने कधीच संस्थेकडून कर्ज घेतले नाही त्याला अंकच मिळत नाही. सचोटी असूनही पत नाही, अशी ही स्थिती होय. २०१७ पासून प्रत्येकास वर्षातून एकदा आपला संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो, आणि चूक दाखविल्यानंतर ३० दिवसांत ती दुरुस्त न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला. १८७९ च्या वार्षिक उताऱ्याचेच हे दुसरे रूप आहे, आणि अडचणही तीच : उतारा मागितला तरच मिळतो, आणि वाचता आला तरच उपयोगी पडतो.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत वाचनाची ही गरज अधिकच तीव्र होते. बिलावरील 'किमान देय रक्कम' भरली की हप्त्याची नोंद स्वच्छ राहते. परंतु उरलेल्या रकमेवर व्याज धावत राहते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. अनेक कार्डांवर हा दर दरमहा शेकडा साडेतीनच्या आसपास असतो, म्हणजे वर्षास शेकडा बेचाळीस. आकडा दरमहाच्या शेकड्याने सांगण्याची ही रीत सावकारी व्यवहारातलीच आहे. सावकारावर निदान दामदुपटीचे बंधन होते. व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नसे. कार्डावरील व्याजास वार्षिक शेकडा ३० ची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्यास कार्ड फुकट पडते, आणि किमान रकमेवर समाधान मानणाऱ्याला ते फार महाग पडते. गुणांकाला मात्र दोघे जवळजवळ सारखेच दिसू शकतात.

माणदेशापुरता एक प्रश्न यातून शिल्लक राहतो. किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये आले आणि पीककर्जाची थकबाकीही पतअहवालात जाऊ लागली. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशीच्या वतीने जनावरांची छावणी उघडण्यात आली. दागिने गहाण ठेवून चाऱ्याची सोय करण्यासाठी बँकेत आलेल्या एका शेतकरी स्त्रीमुळे ही निकड पुढे आली, असे सिन्हा सांगतात. अशा वर्षी थकलेला हप्ता आणि सुकाळात बुडविलेला हप्ता अहवालात एकाच रकान्यात, थकलेल्या दिवसांच्या संख्येनेच उतरतात. जुन्या सावकाराला निदान पाऊस पडला की नाही हे ठाऊक असे. त्या माहितीचा उपयोग तो बहुधा स्वतःच्याच फायद्यासाठी करी, हा भाग वेगळा. तडजोडीने मिटविलेल्या कर्जापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो व तो पुढील अर्जाच्या आड येतो. पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नये, असे महाराष्ट्र शासनाने अलीकडच्या वर्षांत बँकांना वारंवार बजावले आहे. बँकांचे म्हणणे असे की, वही समोर असताना ती न पाहता कर्ज देणे त्यांना शक्य नाही.