पात्यावरचा लांडगा

ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवार आहे. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूरच्या बाल छत्रपतींकडून, म्हणजे चौथ्या शिवाजी महाराजांकडून, ती त्याला मिळाली. मूठ इथली, पाते मात्र युरोपी. आणि त्यावर ‘आयएचएस’ ही अक्षरे. ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाचा हा संक्षेप जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचेही बोधचिन्ह होता.

मराठ्यांच्या तलवारीवर ख्रिस्ती चिन्ह पाहून आज आपण दचकतो. त्या काळी कोणी दचकले नसावे. गोव्याच्या आणि इतर बंदरांतून युरोपी पाती उतरत, त्यांना इथले कारागीर मूठ बसवत आणि तयार शस्त्राला लोक सरळ ‘फिरंगी’ म्हणत. गिऱ्हाईक पोलादाची पारख करी. पात्यावरचा देव कुणाचा, हा प्रश्न दुय्यम.

खरी गंमत पात्यांवरच्या लांडग्याची. बव्हेरियातल्या पासाऊ गावच्या कारागिरांची ही खूण: छिन्नीचे चार-सहा घाव, खाचांत ठोकलेले पितळ, की झाला धावता लांडगा. या खुणेमुळे अंगावर वार चालत नाही, अशी शिपायांची समजूत होती. मग जर्मनीतल्याच झोलिंगेनच्या कारागिरांनीही तोच लांडगा उचलला. नक्कल होता होता त्याचे पाय, शेपूट, तोंड गळत गेले. कित्येक पात्यांवर नुसत्या तिरक्या रेघा उरल्या. लांडगा ओळखायला आधी तो माहीत असावा लागतो! 1687 च्या सुमारास झोलिंगेनचे काही कारागीर इंग्लंडातल्या शॉटली ब्रिज इथे जाऊन बसले. तिथल्या पात्यांवरच्या प्राण्याला इंग्रज कोल्हा म्हणत.

दुसरी खूण दातेरी विळ्यांची: समोरासमोर दोन कमानी, कडेला दाते. तिचा संबंध इटलीतल्या जिनोआशी जोडतात. पण ती ऑस्ट्रियातल्या स्टायरियात, झोलिंगेनमध्ये, कॉकेशसमध्ये आणि हिंदुस्थानातही उमटवली जाई. झोलिंगेनवाले तर पात्यांवर स्पेनमधल्या तोलेदोच्या नामवंत कारागिरांची नावेही बिनदिक्कत घालत.

म्हणून इतिहासकार ग्रँट डफने मराठ्यांच्या 1826 च्या इतिहासात साताऱ्याच्या भवानी तलवारीला उत्तम जिनोई पाते म्हटले, ते जपून वाचावे. ‘जिनोआ’ हे गावाइतकेच बाजारातल्या दर्जाचेही नाव होते. खूण एकटी पुरावा ठरत नाही. पात्याची घडण, पन्हळी, ठशाची सफाई आणि मुठीचा जोड हे सगळे एकत्र पाहावे लागते.

सगळ्याच खुणा कारखान्याच्या नसत. इराणी आणि हिंदुस्थानी पात्यांवर कधी चार घरांचा छोटा चौकोन दिसतो. त्यात 2, 4, 6, 8 हे आकडे किंवा त्या मूल्यांची अरबी अक्षरे असतात. हा ‘बदूह’ नावाचा तोडगा. त्यावरून पाते कुठे घडले हे कळत नाही. धारकऱ्याला कशाचा आधार वाटे, तेवढे कळते.