सरासरीच्या आत कोण कोण?

सरासरी काढायला आपण शाळेतच शिकतो. बेरीज करा, भागा, झालं! पण बेरीज कशाची करायची आणि भागायचं कितीने, इथेच खरी मेख आहे.

समजा, एका शाळेत दोन तुकड्या आहेत. ‘अ’मध्ये ४० मुलं, सरासरी ८० गुण. ‘ब’मध्ये १० मुलं, सरासरी ६०. मग शाळेची सरासरी किती? ८० आणि ६०च्या मधली, म्हणजे ७०? ही साधी सरासरी. हिच्यात दोन्ही तुकड्यांना सारखा मान. पण प्रत्येक मुलाला सारखा मान द्यायचा तर एकूण ३८०० गुण भागिले ५० मुलं, उत्तर ७६. ही भारित सरासरी. दोन्ही बरोबरच, फक्त प्रश्न वेगवेगळे.

आता गंमत बघा. पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्या ५-५ गुणांनी सुधारल्या, पण ‘ब’मध्ये १०च्या जागी ४० मुलं आली. शाळेची भारित सरासरी? ७५! म्हणजे सगळे सुधारले आणि शाळा मात्र ‘घसरली’. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

हे नुसतं कोडं असतं तर ठीक होतं. अमेरिकेत असंच काहीसं घडलं, आणि त्यावरून अख्ख्या पिढीवर शिक्का बसला.

तिथे कॉलेजप्रवेशासाठी सॅट ही परीक्षा १९२६पासून आहे. १९६३नंतर तिची सरासरी घसरायला लागली. १९७७मध्ये विलर्ड वर्ट्झ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कारणं शोधली. १९७०पर्यंतच्या घसरणीचा मोठा भाग परीक्षेला बसणारी मुलंच बदलल्यामुळे होता, असं तिला आढळलं. आधी ज्यांच्या घरात कॉलेजचा विचारही नव्हता, अशी मुलं आता परीक्षेला बसत होती. त्यानंतरच्या घसरणीला मात्र एवढंच कारण पुरत नाही, हेही समितीने सांगितलं. प्रामाणिक उत्तर होतं ते.

पण गाजला तो १९८३चा ‘अ नेशन अ‍ॅट रिस्क’ हा अहवाल. १९६३ ते १९८०मध्ये भाषेचे गुण ५०हून जास्त आणि गणिताचे जवळपास ४०ने उतरले, हे त्यात धोक्याची खूण म्हणून मांडलं होतं. शाळा बिघडल्या, शिक्षक बिघडले, ही समजूत घट्ट झाली. पुढे सँडिया या सरकारी प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी आकडे गटागटाने उलगडून पाहिले, तेव्हा चित्र बरंच वेगळं दिसलं. तो अभ्यास १९९३मध्ये छापून आला.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो जेराल्ड ब्रेसी यांनी दाखवलेला हिशोब. सॅटच्या भाषेच्या भागाची सरासरी १९८१मध्ये ५०४ आणि २००२मध्येही ५०४ (दोन्ही आकडे एकाच नव्या मोजपट्टीवर आणलेले). एकवीस वर्षांत काहीच प्रगती नाही? आता आत डोकावू या. गोरी मुलं ५१९वरून ५२७, कृष्णवर्णीय ४१२वरून ४३१, आशियाई ४७४वरून ५०१, मेक्सिकन ४३८वरून ४४६, पोर्टोरिकन ४३७वरून ४५५, मूळ अमेरिकन ४७१वरून ४७९. एकूण एक गट वर गेला! सहा गटांची साधी सरासरी काढली, तर ती सुमारे ४५९वरून ४७३ होते. मग ५०४ जागचा का हलला नाही? कारण परीक्षेला बसणाऱ्यांत गोऱ्या मुलांचा वाटा सुमारे ८५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर आला होता. वजनं बदलली होती.

यातला आशियाई गट आपल्या जवळचा. १९६५च्या कायद्यानंतर तिकडे गेलेल्या भारतीयांची, त्यात मराठी घरांतलीही मुलं याच गटात मोजली जातात. २७ गुणांची सगळ्यात मोठी झेप घेऊनही हा गट ५०४च्या खालीच होता. म्हणजे त्यांची संख्या वाढली, तशी भाषेची सरासरी थोडी खालीच ओढली गेली. यात त्या मुलांचा काय दोष?

साधी सरासरीच खरी, असंही नाही बरं का. तिच्यात लाखांच्या गटाला आणि काही हजारांच्या गटाला सारखंच वजन मिळतं. म्हणून ‘सरासरी घसरली’ असं कुणी म्हटलं, की मी आधी विचारते, यंदा बसले किती, आणि गेल्या वेळी बाहेर कोण होतं? कधी कधी सरासरी घसरते, कारण दार उघडलेलं असतं.