उंबरठ्यापलीकडची पाहणी : ब्रिटनमधील घरगुती बालसंगोपनाच्या दर्जाचा इतिहास

स्वतःच्या राहत्या घरी, मोबदला घेऊन, दुसऱ्यांची लहान मुले दिवसाचे काही तास सांभाळणाऱ्या व्यक्तीला ब्रिटनमध्ये 'चाइल्डमाइंडर' म्हणतात, आणि ही व्यक्ती जवळजवळ नेहमीच स्त्री असते. महाराष्ट्रातील शहरांत ज्याला घरगुती पाळणाघर म्हणतात त्याच्याशी हा व्यवसाय बराच जुळतो. फरक असा की ब्रिटनमध्ये या घराच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याचा अधिकार कायद्याने दीडशे वर्षांच्या अवधीत हळूहळू, आणि दर वेळी वादंग होऊन, मिळवला. मूल ज्या घरी ठेवायचे ते घर चांगले की वाईट, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे या प्रश्नाची उत्तरे या काळात अनेकदा बदलली. ती उत्तरे क्रमाने पाहिली तर असे दिसते की जे मोजायला सोपे होते ते आधी मोजले गेले, आणि सांभाळणारी स्त्री व मूल यांच्यातील नाते, ज्यावर त्या मुलाचा सगळा दिवस उभा असतो, त्याकडे अभ्यासकांचे व शासनाचे लक्ष सर्वांत शेवटी गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्यांत विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत होत्या आणि त्यांची तान्ही मुले शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे किंवा थोड्या मोठ्या मुलीकडे दिवसभर असत. या मुलांविषयी त्या काळच्या आरोग्य-अहवालांत वारंवार येणारी तक्रार म्हणजे 'गॉडफ्रेज कॉर्डियल' या नावाने विकल्या जाणाऱ्या, अफू घातलेल्या गोड पाकाची. मूल झोपून राहिले की एका बाईला अनेक मुले सांभाळता येत, शिवाय भुकेने रडणेही थांबे. मात्र गुंगीत पडलेले मूल दूध कमी पिई आणि झिजत जाई. मुंबईच्या गिरणगावातही कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' दिली जात असे, आणि 1920 च्या दशकात मुंबई सरकारने गिरणी-कामगार स्त्रियांच्या स्थितीची जी चौकशी केली तीत या प्रथेची नोंद आहे. दोन्ही ठिकाणी दोष सांभाळणारीच्या माथी मारणे सोपे होते, पण गिरणीच्या भोंग्याला बांधलेल्या आईपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे विचारल्याशिवाय तो दोष पुरता सिद्ध होत नाही.

कायद्याचे लक्ष मात्र आधी वेगळ्याच बाजूला वळले. अविवाहित मातांची अर्भके एकरकमी किंवा आठवड्याच्या पैशांवर कायमची ठेवून घेण्याचा, आणि त्यांतील पुष्कळ अर्भके उपासमारीने मरू देण्याचा, जो धंदा लंडनसारख्या शहरांत वर्तमानपत्रांतील जाहिरातींच्या आधारे चाले, त्याला 'बेबी फार्मिंग' असे नाव पडले होते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक अर्नेस्ट हार्ट यांनी 1868 मध्ये त्याची चौकशी करून प्रसिद्धी दिली, आणि 1870 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिक्स्टन येथील मार्गारेट वॉटर्स या बाईला अशाच एका अर्भकाच्या खुनाबद्दल फाशी झाल्यावर लोकमत प्रक्षुब्ध झाले. त्यातून 1872 चा अर्भक-जीवनरक्षण कायदा आला. एका वर्षाखालील एकाहून अधिक अर्भके मोबदला घेऊन चोवीस तासांपेक्षा जास्त काळ आईबापांपासून वेगळी ठेवणाऱ्या घराची नोंदणी त्याने सक्तीची केली, ठेवता येणाऱ्या अर्भकांची संख्या ठरवण्याचा अधिकार स्थानिक यंत्रणेला दिला आणि अर्भक दगावल्यास चोवीस तासांच्या आत कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणे बंधनकारक केले. दर्जाची ही पहिली कायदेशीर व्याख्या फार अरुंद होती, कारण मूल जिवंत राहिले की ती पुरी होई. शिवाय दिवसापुरते मूल सांभाळणाऱ्या स्त्रिया चोवीस तासांच्या अटीमुळे तिच्यातून पूर्णपणे सुटल्या, आणि गिरणीतल्या आईचे मूल कायद्याच्या दृष्टीने होते तिथेच राहिले.

ही अट निष्काळजीपणाने आलेली नव्हती. 1871 मध्ये जे विधेयक प्रथम मांडले गेले ते बरेच व्यापक होते, आणि त्याला सर्वांत ठाम विरोध स्त्री-हक्कांच्या चळवळीतून झाला. लिडिया बेकर, जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते की मूल कोणाकडे ठेवावे हे ठरवण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे, पुरुषांनी भरलेल्या संसदेने आणि डॉक्टरांनी तो काढून घेऊ नये, आणि नोंदणीच्या जाचाने गरीब विधवांचे व वृद्ध स्त्रियांचे एक प्रामाणिक उपजीविकेचे साधन मात्र हिरावले जाईल. या विरोधाला पुढे अनेकांनी बालहिताविरोधी ठरवले, ते अन्यायाचे आहे. अर्भके मरत होती हे खरेच होते. पण अविवाहित मातेला पोटगी मिळणे जवळजवळ अशक्य करणारा आणि तिला कामावरून व घरातून हाकलणारा समाज तसाच ठेवून केवळ शेवटच्या दारावर पहारा बसवण्याने काय साधणार, हा त्यांचा प्रश्नही तितकाच खरा होता, आणि गरीब स्त्रीच्या घरात शिरणारी सरकारी नजर मदत घेऊन येते की संशय घेऊन, ही शंका त्यानंतरच्या प्रत्येक कायद्याच्या वेळी पुन्हा उभी राहिली.

पुढच्या दुरुस्त्या थोडक्यात सांगता येतात. बेबी फार्मिंगच्या धंद्यातील अमेलिया डायर या बाईला अर्भकाच्या खुनाबद्दल 1896 मध्ये फाशी झाली आणि 1897 च्या कायद्याने वयोमर्यादा पाच वर्षांपर्यंत नेऊन निरीक्षक नेमणे स्थानिक यंत्रणांवर सोपवले, तर 1908 च्या बालक कायद्याने एकच मूल ठेवणारे घरही कक्षेत आणले. दिवसापुरता सांभाळ मात्र आणखी चाळीस वर्षे बाहेरच राहिला.

त्याचा विचार करायला युद्ध व्हावे लागले. दुसऱ्या महायुद्धात स्त्रिया कारखान्यांत हव्या होत्या, म्हणून सरकारी खर्चाने हजाराहून अधिक युद्धकालीन बालगृहे उघडली गेली. शांतता होताच त्यांतील बहुतेक बंद झाली, पण स्त्रिया सगळ्या घरी परतल्या नाहीत. 1948 च्या 'बालगृहे व चाइल्डमाइंडर नियमन' कायद्याने दिवसापुरती मुले सांभाळणाऱ्या घराला प्रथमच नोंदणी लावली, तीही दोनहून अधिक आणि एकाहून अधिक कुटुंबांतील पाच वर्षांखालील मुले असतील तरच. काम आरोग्य खात्याकडे असल्यामुळे तपासणीचे निकष आरोग्याचे होते : घर स्वच्छ आहे का, शेगडीपुढे जाळी आहे का, शौचालय किती मुलांत वापरले जाते, बाईला क्षय तर नाही ना. भारतात त्याच वर्षी झालेल्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले (1976 मध्ये ही संख्या तीसवर आली), परंतु कारखान्याबाहेरच्या, शेजारणीच्या घरातल्या पाळणाघराचा त्या कायद्यात विचार नव्हता. ब्रिटनमध्ये 1968 च्या दुरुस्तीने नात्याबाहेरचे एक मूल दिवसाला दोन तासांहून अधिक काळ सांभाळले तरी नोंदणी आवश्यक ठरली, आणि तीन वर्षांनी हे काम आरोग्य खात्याकडून समाजसेवा खात्याकडे गेले.

कायदा कडक झाला तशी नोंदणीबाहेरची घरे अधिक खोल दडली. ती प्रथम उजेडात आणली ब्रायन जॅक्सन या शिक्षण-अभ्यासकाने. यॉर्कशायरमधील हडर्सफील्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात वाढलेल्या जॅक्सन यांनी कामगारवर्गाच्या शिक्षणावर 1962 मध्ये डेनिस मार्सडेन यांच्याबरोबर पुस्तक लिहिले होते. 1970 च्या दशकात ते व त्यांचे सहकारी औद्योगिक शहरांच्या गल्ल्यांत भल्या पहाटे उभे राहत, आणि पहिल्या पाळीला निघालेल्या माता बाबागाडीतून किंवा कडेवरून मुले घेऊन कोणत्या दारापाशी थांबतात याची नोंद करीत. या पद्धतीला त्यांनी पहाटेची पाळत असे नाव दिले. त्या दारांमागे त्यांना जे दिसले त्याचे वर्णन सोनिया जॅक्सन यांच्यासह लिहिलेल्या 'चाइल्डमाइंडर' या 1979 च्या पुस्तकात आहे : दिवसभर एकाच खोलीत, खेळण्याविना, बोलणारे कोणी नसताना बसून राहिलेली मुले, आणि त्यांत कॅरिबियन बेटांतून व भारतीय उपखंडातून आलेल्या, कमी वेतनाच्या अडनिड्या पाळ्यांत काम करणाऱ्या मातांची बरीच मुले. जॅक्सन यांचे मोठेपण असे की त्यांनी या बायकांना गुन्हेगार ठरवले नाही. सांभाळणारी ही शेजारीणच, तितकीच गरीब आणि तितकीच एकाकी आहे. तिला दंड करण्यापेक्षा खेळणी, प्रशिक्षण आणि इतर चाइल्डमाइंडरांची सोबत द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. 1977 मध्ये चाइल्डमाइंडरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि काही नगरपालिकांनी खेळणी उसनी देणारी वाचनालयासारखी केंद्रे सुरू केली, ती याच विचाराच्या वातावरणात.

त्याच सुमारास अभ्यासकांची दृष्टीही घरावरून मुलाकडे वळली. बेरी मेयॉल आणि पॅट पेट्री यांनी लंडनमध्ये केलेली पाहणी 1977 मध्ये, आणि मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांच्या मार्गदर्शनाखालील ऑक्सफर्ड प्रकल्पातील ब्रिजेट ब्रायंट व सहकाऱ्यांची ऑक्सफर्डशायरमधील पाहणी 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. या दोन्ही पाहण्यांत पुढे आलेली चिंताजनक गोष्ट म्हणजे नोंदणी झालेल्या, स्वच्छ, नियमांत बसणाऱ्या घरांतही काही मुले गप्प आणि अलिप्त असत, काही मागत नसत आणि रडतही नसत. अशा मुलाला सांभाळणारी बाई 'शहाणे बाळ' म्हणे, आणि पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते तसेच दिसे. या निष्कर्षांवर चाइल्डमाइंडर रागावल्या, आणि त्या रागात तथ्य होते, कारण मोजक्या घरांवरून सगळ्या व्यवसायाची परीक्षा होत होती. तरी जाळी, शौचालय आणि डोकी मोजणाऱ्या तपासणीला जे कधी दिसले नसते ते या अभ्यासांनी दाखवून दिले, हे नाकारता येत नाही.

1989 च्या बालक कायद्याने आठ वर्षांखालील मुले कक्षेत घेतली, वर्षातून किमान एकदा तपासणी सक्तीची केली आणि त्यासोबतच्या मार्गदर्शिकेने एका चाइल्डमाइंडरकडे पाच वर्षांखालील तीनच मुले असावीत असे प्रमाण सांगितले. तरी जुना वाद मिटला नव्हता. मुलाला चापट मारणार नाही असे लिहून देण्यास नकार दिलेल्या एका चाइल्डमाइंडरची नोंदणी लंडनच्या सटन नगरपालिकेने नाकारली, तेव्हा 1994 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला, कारण मुलाच्या आईने तशी मुभा दिली होती. 2001 मध्ये इंग्लंडमधील शाळांची तपासणी करणाऱ्या 'ऑफस्टेड' या मध्यवर्ती यंत्रणेने सुमारे दीडशे स्थानिक यंत्रणांकडून हे काम घेतले आणि चौदा राष्ट्रीय मानके लागू झाली, त्यांतही आईवडिलांच्या संमतीने चापट मारण्याची व मुलांसमोर धूम्रपानाची वाट खुली होती. इंग्लंडमध्ये ती 2003 मध्ये बंद झाली. घर कोणाचे आणि त्यातला शब्द कोणाचा, हा 1871 चा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनीही तसाच जिवंत होता.

शाळा तपासणारी यंत्रणा घरात आल्यावर तिने शाळेचीच मोजपट्टी आणली, यात नवल नाही. 2008 पासून इंग्लंडमध्ये जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना एकच शिक्षण-आराखडा लागू झाला, त्यात पाचव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत गाठायची 69 उद्दिष्टे होती (2012 मध्ये ती 17 करण्यात आली), आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी दोन मुलांना भाजी निवडायला बसवणाऱ्या बाईला त्या भाजीतून कोणते उद्दिष्ट साधले हे वहीत लिहावे लागू लागले. याहून अधिक समंजस मोजपट्टी अमेरिकेत थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी खास घरगुती सांभाळासाठी 1989 मध्ये तयार केली होती, आणि 2007 मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. या श्रेणीमापनात एक प्रशिक्षित निरीक्षक काही तास घरात बसून प्रत्येक बाबीला एक ते सात असे गुण देतो, आणि त्या बाबींत हात धुणे व झोपण्याची जागा जशी येते तशीच बाई मुलाशी किती आणि कशा स्वरात बोलते, मूल रडल्यावर काय करते, हेही येते. याउलट, शालापूर्व शिक्षणाच्या परिणामांवर इंग्लंडमध्ये 1997 पासून झालेल्या सर्वांत मोठ्या अभ्यासात सहा प्रकारच्या बालसंस्था निवडल्या गेल्या, परंतु चाइल्डमाइंडर त्यांत नव्हत्याच. आणि त्याच अभ्यासाच्या निष्कर्षांवर पुढे धोरणे आखली गेली.

1990 च्या दशकात इंग्लंडमधील नोंदणीकृत चाइल्डमाइंडरांची संख्या एक लाखाच्या जवळ होती, ती 2020 च्या दशकात तीस हजारांच्या खाली उतरली. त्याला घरभाड्यापासून अल्प मोबदल्यापर्यंत अनेक कारणे आहेत, पण लेखी कामाचा बोजा आणि तपासणीअंती ऑफस्टेड देत असे त्या एका शब्दाच्या श्रेणीने ठरणारी प्रतिष्ठा यांचाही त्यात वाटा आहे. 2014 च्या कायद्याने चाइल्डमाइंडरांना एखाद्या मध्यस्थ संस्थेकडे नोंदणी करण्याची मुभा दिली, तेव्हा ऑफस्टेडने तपासायची ती संस्था ठरली, तिच्याकडील प्रत्येक घर नव्हे. थेट नोंदलेल्या घरांची तपासणीही 1989 च्या कायद्यातील वार्षिक अटीवरून 2020 च्या दशकाच्या प्रारंभी सहा वर्षांतून किमान एकदा इतकी विरळ झाली, म्हणजे वर्षाचे असताना त्या घरी आलेले आणि चौथ्या वर्षी शाळेत गेलेले एखादे मूल तिथे होते त्या सगळ्या काळात निरीक्षक एकदाही आला नसेल, असे तेव्हा घडू शकत होते. आणि त्या काळातील त्याच्या दिवसांविषयी जे काही कळते, ते रोज सकाळी त्याला दारात सोडणाऱ्या आणि संध्याकाळी परत नेणाऱ्या आईलाच कळते.