गरम पाणी नक्की कोणाचं?

गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध गाव, त्यातलं चांगलं र्‍योकान, आणि आतला अंघोळीचा हौद एवढासा की तीन माणसं बसली की चौथ्याने बाहेर थांबायचं! जपानच्या ह्योगो प्रांतात, जपानच्या समुद्राजवळ किनोसाकी नावाचं गाव आहे. तिथे आम्ही दोन रात्री राहिलो. र्‍योकान म्हणजे जपानी पद्धतीचं उतरण्याचं घर. बाकी सगळं अगदी फोटोत असतं तसंच होतं. लाकडी जिना, तातामीच्या चटया, रात्री जेवणाचं टेबल हलवून तिथेच अंथरलेल्या गाद्या. फक्त हौद छोटा. मालकीणबाईंना त्याबद्दल विचारलं तर त्यांनी हसून दाराकडे हात केला. दारात लाकडी गेता मांडून ठेवल्या होत्या. म्हणजे, अंघोळ बाहेर.

मला वाटलं जागेची अडचण असेल. जपान म्हटल्यावर तेच पहिलं डोक्यात येतं ना? पण नाही. त्या छोट्या हौदामागे तेवीस वर्षं चाललेलं एक भांडण आहे.

आधी थोडं जुनं. दंतकथेनुसार दोची नावाच्या एका साधूने हजार दिवस प्रार्थना केली आणि इ.स. ७२० मध्ये इथे गरम पाणी उसळलं. दुसरी कथा म्हणते की जखमी करकोचा इथल्या पाण्यात पाय बुडवून बसलेला लोकांनी पाहिला. असल्या कथा जपानच्या निम्म्या झऱ्यांना चिकटलेल्या आहेत, त्यामुळे त्या सोडून देऊ. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे ‘तोजी’, म्हणजे औषध म्हणून केलेलं स्नान. एदो काळात (१६०३ ते १८६८) सामान्य माणसाला उठून कुठेही जाता येत नसे, परवाना लागे. तीर्थयात्रा आणि तोजी ही दोन कारणं मात्र चालायची. (आजारपणाचं कारण सांगून सुट्टी काढणं हा प्रकार किती जुना आहे बघा.) साधारण सात दिवसांचं एक आवर्तन, आणि ऐपत असेल तर दोन-तीन आवर्तनं. बरेच शेतकरी तांदूळ आणि मिसो घरून आणत आणि उतरल्या जागी स्वतःच रांधत. आज आपण र्‍योकान म्हणजे चौदा वाट्यांचं जेवण असं समजतो, ते पुष्कळ नंतरचं.

किनोसाकीचं तेव्हाचं नाव युशिमा. इथे एक पद्धत होती: उतरायची घरं ज्याची त्याची, पण पाणी गावाचं. कुठल्याही उताऱ्यात गरम पाण्याचा हौद नसायचा. पाहुणे चालत गावाच्या सामाईक स्नानगृहांत जायचे. त्या स्नानगृहांना म्हणतात ‘सोतोयु’, बाहेरचं पाणी. यात उदात्त वगैरे काही नव्हतं. झरे मोजके, पाणी मोजकं, त्यामुळे सामाईक ठेवण्यातच सगळ्यांचं भलं होतं. पुढे गावं एकत्र होऊन नगरपालिका बनल्या, तेव्हाही जुन्या गावाची सामाईक मालमत्ता सांभाळण्यासाठी वेगळी कायदेशीर संस्था राहिली आणि झरे तिच्याकडे राहिले.

१९०९ साली रेल्वे आली आणि पाहुणे बदलले. आता शहरातला सुशिक्षित वर्ग यायला लागला. १९१३ मध्ये शिगा नाओया हा लेखक टोकियोत ट्रेनच्या धक्क्याने जखमी झाला आणि बरं व्हायला इथे येऊन तीन आठवडे राहिला. त्यावरची त्याची ‘किनोसाकी नी ते’ ही कथा १९१७ साली आली आणि गावाचं नाव देशभर झालं. तो उतरला होता त्या र्‍योकानचं नाव मिकिया. हे नाव लक्षात ठेवा.

२३ मे १९२५. सकाळचे अकरा वाजून गेलेले, घरोघरी दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या, आणि भूकंप झाला. लाकडी घरं पडली, चुलींची आग पसरली आणि जवळजवळ सगळं गाव जळालं. या भूकंपात एकूण चारशेहून जास्त माणसं गेली, त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या किनोसाकीत. आज नदीकाठच्या विलो झाडांखाली उभं राहून ‘वा, काय जुनं गाव आहे’ असं आपण म्हणतो, ते जेमतेम शंभर वर्षांचं आहे. गाव मुद्दाम पुन्हा लाकडात बांधलं, आणि आग अडावी म्हणून मोक्याच्या जागी काँक्रीटच्या इमारती घातल्या. त्यासाठी लोकांनी डोकं लावलंय!

आता भांडण. १९२७ साली, नुकत्याच पुन्हा उभ्या राहिलेल्या मिकियाने आपल्याच आवारात खोदलं. गरम पाणी लागलं. त्यांनी आत हौद बांधला, म्हणजे ‘उचियु’, आतलं पाणी. आणि गाव पेटलं (या वेळी आगीविना).

मिकियाची बाजू ऐकली तर अजिबात चुकीची वाटत नाही. जमीन माझी, खर्च माझा, पाणी माझ्या जमिनीखालचं. जपानच्या नागरी कायद्यातही जमिनीची मालकी वर आणि खाली दोन्हीकडे जाते असंच लिहिलंय. शिवाय हिवाळ्यात इथे कमरेएवढा बर्फ पडतो. म्हाताऱ्या पाहुण्याने अंघोळीला रस्ता का तुडवावा?

गावाचं म्हणणं दोन थरांचं होतं. पहिला थर सोपा, आणि बोअरवेलचा दुष्काळ पाहिलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही: खाली पाणी एकच आहे. आज एकाने खोदलं, उद्या सगळे खोदतील, आणि परवा सोतोयु कोरडी पडतील. दुसरा थर जास्त इंटरेस्टिंग आहे. पाहुणा अंघोळीसाठी बाहेर पडतो म्हणून रस्ता जिवंत आहे. चहावाला, खेळण्यातल्या बंदुकीने नेम मारायचं दुकान, गेता विकणारा, हौद परवडणार नाही असं पाच खोल्यांचं र्‍योकान, हे सगळे त्या चालण्यावर जगतात. श्रीमंत र्‍योकानांनी पाणी आत नेलं की पाहुणा आत, पैसा आत, आणि गावात फक्त अंधार. प्रकरण कोर्टात गेलं.

कायदा तेव्हा खरंच गोंधळात होता. त्याच सुमारास उनाझुकी या दुसऱ्या गावातला खटला चालू होता. तिथे झऱ्याचं पाणी सुमारे साडेसात किलोमीटर लांबून नळाने आणलं होतं. तो नळ एका ठिकाणी जेमतेम दोन त्सुबो, म्हणजे सत्तरेक चौरस फूट, परक्या जमिनीतून जात होता. एका इसमाने नेमकी ती उतारावरची बिनकामाची जमीन विकत घेतली आणि रेल्वे कंपनीला सांगितलं की नळ काढा, नाहीतर आजूबाजूची तीन हजार त्सुबो जमीन अवाच्या सवा भावाने घ्या. हल्ली लोक डोमेन नेम अडवून बसतात ना, तसंच. १९३५ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने त्याला हाकलून लावलं. जमीन तुझी हे खरं, पण हा मालकीहक्काचा गैरवापर आहे. जपानमध्ये कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला शिकावा लागतो. मग १९४० मध्ये, असामा गावच्या झऱ्याच्या प्रकरणात, त्याच कोर्टाने मान्य केलं की गरम पाण्यावरचा हक्क रूढीप्रमाणे जमिनीपासून वेगळा असू शकतो.

किनोसाकीचं भांडण मात्र युद्ध, पराभव आणि नवी राज्यघटना एवढं सगळं ओलांडून १९५० पर्यंत चाललं, आणि संपलं ते तडजोडीने. झऱ्यांचा कारभार गावाच्या संस्थेकडे. आत हौद बांधायला परवानगी, पण र्‍योकानच्या आकारानुसार मर्यादेत. पुढे १९७० च्या दशकात सगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र साठवून नळाने वाटण्याची केंद्रीय व्यवस्था झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर शेअर्ड पूल आणि प्रत्येक क्लायंटला कोटा! आमच्या र्‍योकानातला तो तीन माणसांचा हौद म्हणजे हा कोटा.

ही तडजोड मला आवडते, कारण तिच्यात कुणीच पूर्ण जिंकलं नाही. पण ती फुकट मिळालेली नाही हेही खरं. किनोसाकीत मोठा, चकचकीत हौद बांधून पाहुणे ओढायची सोय कुणालाच नाही, आणि एखाद्या हुशार, कष्टाळू मालकाला ते नक्की बोचत असणार. तेवीस वर्षं शेजाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध कोर्टात उभं राहायचं, आणि तेही एवढ्याशा गावात! रोज सकाळी तोंडं बघायची तीच.

दुसरा रस्ता कसा दिसतो ते टोकियोच्या उत्तरेला किनुगावाला दिसतं. तिथे तेजीच्या काळात नदीकाठी दहा-दहा मजली हॉटेलं उठली. हौद आत, बार आत, दुकानं आत, कराओकेसुद्धा आत. १९९० नंतर तेजी ओसरली, २००३ मध्ये हॉटेलांना कर्ज देणारी आशिकागा बँक बुडाली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. हॉटेलं एकामागून एक बंद पडली. त्यांतली कित्येक पुढे वर्षानुवर्षं फुटक्या काचांनिशी तशीच उभी राहिली, कारण पाडायलाही पैसे लागतात. तेजीत कर्ज काढून किनुगावासारखं होण्यापासून किनोसाकी वाचलं, त्यात १९५० च्या कागदाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे वेगळं करणं कठीण. माझं मत विचाराल तर कागदाचा बराच.

संध्याकाळी जेवणाआधी रस्त्यावर नुसता खडखडाट असतो. गेता घातलेले शेकडो लोक, प्रत्येक र्‍योकानच्या युकाताची नक्षी वेगळी, त्यामुळे स्नानगृहातल्या माणसाला बघताक्षणी कळतं कोण कुठे उतरलंय. लोक सांगतात की सगळं गाव हेच एक र्‍योकान: स्टेशन म्हणजे दार, रस्ता म्हणजे बोळ, र्‍योकानं म्हणजे खोल्या आणि सोतोयु म्हणजे हौद. सोतोयु सहा होती, २००० साली स्टेशनशेजारी सातवं बांधलं गेलं.

आणि मिकिया? ते अजून चालू आहे. १९२७ च्याच लाकडी इमारतीत, जी आता सरकारी यादीत सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेली आहे. आत अंघोळीची सोय आहे. पाहुणे तरीही गेता अडकवून बाहेर पडतात.