अश्वशक्तीचा आकडा: अमेरिकेतील ‘बिग-ब्लॉक’ इंजिनांची गोष्ट

१/
१९६७ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटसाठी मिळणाऱ्या इंजिनांची यादी पाहिली, तर एक विसंगती डोळ्यांत भरते. तीन कार्बोरेटरचे ४२७ घनइंची ‘एल-७१’ इंजिन ४३५ अश्वशक्तीचे. त्याच आकाराचे, पण शर्यतीसाठी म्हणून बांधलेले ‘एल-८८’ मात्र ४३० अश्वशक्तीचे! अधिक दमदार इंजिनाचा आकडा पाचने कमी. ही छपाईची चूक नव्हती.

२/
‘एल-८८’ची खरी ताकद ५०० अश्वशक्तीच्या पुढे होती, हे आज सर्वमान्य आहे. कंपनीला हे इंजिन शर्यतपटूंच्याच हाती जायला हवे होते. सर्वांत मोठा आकडा पाहून मागणी नोंदवणाऱ्या हौशी गिऱ्हाइकाच्या नव्हे. म्हणून आकडा उतरवला. त्या गाडीत रेडिओ नव्हता, हीटरही नव्हता. १९६७ मध्ये अशा अवघ्या २० गाड्या तयार झाल्या.

३/
अश्वशक्ती हे मापच मुळी विक्रीच्या गरजेतून रूढ झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅटला आपले वाफेचे इंजिन घोडे जुंपून काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या गळी उतरवायचे होते. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, असे त्याने ठरवले. मोजमाप आणि बाजार यांचे नाते तेव्हापासूनचे.

४/
पेट्रोल इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे? उत्तर हवेत आहे. ४२७ घनइंच म्हणजे सुमारे ७ लिटर. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. मिनिटाला ६,००० फेऱ्या धरल्या, तर ३,००० श्वास. प्रत्येकी ७ लिटर. म्हणजे मिनिटाला २१,००० लिटर, सेकंदाला ३५० लिटर हवा!

५/
अर्थात हा हिशेब सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरतो असे मानून केलेला आहे. प्रत्यक्षात तो तसा भरत नाही. कार्बोरेटरची अरुंद वाट, नळीतील वळणे, झडपेचे तोंड, जळालेला वायू बाहेर पडताना होणारी कोंडी, प्रत्येक ठिकाणी थोडी हवा अडते. ट्यूनिंगची कला म्हणजे प्रामुख्याने हे अडथळे एकेक करून दूर करणे.

६/
‘बिग-ब्लॉक’ हे नाव ओतीव ठोकळ्याच्या आकारावरून आले. शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर ४.४० इंच होते, मोठ्यात ४.८४ इंच. म्हणून सिलिंडर रुंद करता आले आणि मोठ्या झडपांना जागा मिळाली. १९६५ मध्ये ३९६ घनइंची, पाठोपाठ ४२७ आणि १९७० मध्ये ४५४ घनइंची इंजिन आले. झडपा वेगवेगळ्या कोनांत कललेल्या असल्याने याला ‘साळिंदर’ असे टोपणनाव पडले.

७/
गॅरेजमध्ये आलेल्या अशा गाडीवर काम कुठून सुरू होई? सहसा दोन टोकांकडून. वरच्या बाजूला मोठा चार-नळी कार्बोरेटर आणि मोकळ्या वाटांचा इनटेक मॅनिफोल्ड. खालच्या बाजूला ओतीव लोखंडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब नळी देणारे ‘हेडर’. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वाटा एकत्र मोकळ्या केल्या तरच फायदा पुरता हाती लागे.

८/
त्यानंतर कॅमशाफ्ट. झडप किती उंच आणि किती वेळ उघडी राहील, हे तो ठरवतो. ती जास्त वेळ उघडी ठेवली, तर वेगात इंजिनाला भरपूर हवा मिळते. पण सिग्नलला उभी असताना तीच गाडी थरथरते, आणि इनटेकमधील निर्वात कमी पडल्याने पॉवर ब्रेकही कमजोर होतात. एड इस्केंडेरियनसारख्या कॅलिफोर्नियातील कारागिरांनी कॅम घासण्यात नाव कमावले, ते याच तोलामुळे.

९/
तिसरी पायरी म्हणजे कॉम्प्रेशन आणि इग्निशन टायमिंग. मिश्रण जितके जास्त दाबावे, तितकी जळणातून अधिक ताकद मिळते. मात्र मर्यादा ओलांडली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. खडखडाट ऐकू येतो आणि तो चालू राहिला, तर पिस्टन फुटतो. ‘एल-८८’चे कॉम्प्रेशन १२.५ ला १ होते. त्याला १०३ रिसर्च ऑक्टेनचे पेट्रोल लागे.

१०/
हे ज्ञान केवळ हौशी तरुणांपुरते राहिले नाही. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक येथील ‘रॉयल पॉन्टियाक’ या विक्रेत्याने ‘बॉबकॅट’ नावाचा संचच विकायला काढला. त्यात होते काय? कॉम्प्रेशन वाढवणारे पातळ हेड गॅस्केट, कार्बोरेटरचे मोठे जेट, ठिणगी लवकर पाडण्यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये फेरफार आणि इनटेक गरम करणारी वाट बंद करणारे गॅस्केट. अवजड असे काहीच नाही; पण स्टॉपवॉच फरक दाखवून देई.

११/
जनरल मोटर्सने १९६३ मध्ये शर्यतींतून अधिकृत माघार घेतली होती. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असाही दंडक होता. पॉन्टियाकच्या अभियंत्यांनी, जॉन डेलोरियन त्यांपैकी एक, पळवाट काढली. ३८९ घनइंची इंजिन टेम्पेस्ट गाडीवरील ‘पर्याय’ म्हणून नोंदवले आणि त्याला नाव दिले जीटीओ. पहिल्याच वर्षी, १९६४ मध्ये, ३२,००० हून अधिक गाड्या खपल्या.

१२/
पुढे ही मर्यादा ४०० घनइंचांवर आली, तेव्हा पळवाटही मोठी झाली. पेन्सिल्वेनियातील कॅनन्सबर्गचा विक्रेता डॉन येन्को १९६७ पासून नव्या कॅमॅरोचे इंजिन उतरवून त्या जागी ४२७ बसवू लागला. १९६९ मध्ये ‘कोपो’ ही विशेष मागणीची पद्धत वापरून तेच इंजिन थेट कारखान्यातून बसवून मिळू लागले. ही पद्धत एरवी टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांसाठी होती! नियम कागदावर तसाच राहिला.

१३/
डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री या गाड्या एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत धावत. कंपन्यांचे अभियंतेही तिथे येत, हे गुपित नव्हते. पण वेग वाढला त्या प्रमाणात ब्रेक आणि टायर सुधारले नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकेत ५०,००० हून अधिक माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. विमा कंपन्याही गाडीचे वजन आणि तिची अश्वशक्ती यांचे गुणोत्तर पाहून तरुण मालकांचा हप्ता वाढवू लागल्या. आकडा कमी छापण्याला आणखी एक कारण मिळाले.

१४/
इथवर ही कथा चतुराईची वाटते. पण तिच्या मुळाशी एक विष आहे. एवढे कॉम्प्रेशन सहन करणारे पेट्रोल आले कुठून? डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात थॉमस मिजलीला आढळले, की टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये किंचित मिसळले की नॉकिंग थांबते. लेड म्हणजे शिसे. बाजारात त्याला नाव दिले गेले ‘एथिल’. शिशाचा उल्लेख नावातून गळाला.

१५/
ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. त्यानंतर सुमारे अर्धशतक बहुतेक अमेरिकी गाड्यांच्या धुरातून शिसे बाहेर पडत राहिले. मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा सर्वाधिक अपाय होतो.

१६/
१९६५ मध्ये, म्हणजे ‘साळिंदर’ इंजिन बाजारात आले त्याच वर्षी, भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने शोधनिबंधातून दाखवून दिले, की अमेरिकी माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीच्या अनेक पटींनी अधिक आहे. पृथ्वीचे वय ठरवणारा हाच तो शास्त्रज्ञ. खडकांतील शिसे मोजताना सर्वत्र पसरलेल्या शिशाने त्याची मोजणी बिघडे. त्यातून तो या प्रश्नाकडे वळला होता.

१७/
३१ डिसेंबर १९७० रोजी स्वच्छ हवा कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांची सही झाली. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी घटवावे, असे बंधन आले. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा. आणि शिसे तर त्या कन्व्हर्टरलाच निकामी करते. जनरल मोटर्सने १९७१ च्या गाड्यांपासूनच कॉम्प्रेशन उतरवले, म्हणजे कमी ऑक्टेनचे, शिसेविरहित पेट्रोल चालेल.

१८/
आता पुन्हा आकड्यांकडे. कॉर्व्हेटचे ‘एलएस-५’ हे ४५४ घनइंची इंजिन १९७० मध्ये ३९० अश्वशक्तीचे होते आणि १९७२ मध्ये २७०. दोन वर्षांत १२० घोडे गेले कुठे? यातील मोठा भाग कुठेच गेला नव्हता. १९७१ मध्ये कंपनीने एकाच इंजिनाचे दोन आकडे दिले होते: ‘ग्रॉस’ ३६५ आणि ‘नेट’ २८५.

१९/
‘ग्रॉस’ म्हणजे पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न जोडता, स्टँडवर चढवून मोजलेली ताकद. ‘नेट’ म्हणजे गाडीत बसवल्यावर सर्व साज अंगावर असताना उरलेली. १९७२ पासून ‘नेट’ आकडाच छापला जाऊ लागला. १२० च्या घसरणीतील ८० निव्वळ मापाचा फरक. खरी घट पुष्कळ लहान. तरीही ‘सरकारने इंजिने मारली’ ही समजूत पक्की झाली आणि आजही ऐकू येते.

२०/
ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलेले काम केले. बिग-ब्लॉक इंजिनाची कॉर्व्हेट १९७४ नंतर बंद झाली. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली ती १९९६ मध्ये. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तिथे २०२१ मध्ये ते थांबले. मिजलीच्या शोधाला तोवर शंभर वर्षे होत आली होती.

२१/
‘एल-८८’चा ४३० हा आकडा खरी ताकद लपवत होता. त्या ताकदीसाठी हवेत किती शिसे सोडले गेले, याचा आकडा तर कोणत्याच माहितीपत्रकात नव्हता. त्या मेकॅनिकांचे कौशल्य अस्सल होते आणि त्या विषाची किंमतही खरी होती. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. कोणताही जुना आकडा समोर आला, की तो कोणी मोजला, कसा मोजला आणि काय मोजलेच नाही, हे तीन प्रश्न विचारावेत. इतिहासाचे काम तिथून सुरू होते.

#इतिहास #मराठी